तळ्याकाठचा मुक्काम: आधी पंचांग, मग आरक्षण

जून महिन्यात अमेरिकेतील शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागते. त्याच सुमारास महाराष्ट्रातील पुष्कळ घरांतील आजी-आजोबा पेढी पुतण्याच्या किंवा धाकट्या भावाच्या स्वाधीन करून मुलांकडे शिकागो, डेट्रॉइट, न्यू जर्सी या बाजूला पोचलेले असतात. नातवंडांचा हट्ट ठरलेला असतो. एखाद्या स्टेट पार्कात, तळ्याकाठी तंबू ठोकून दोन रात्री राहायचे. मुलगा आणि सून आनंदाने तयारीला लागतात, आणि आजीच्या तोंडून तीन प्रश्न निघतात. पिण्याचे पाणी कुठले? संध्याकाळचे जेवण किती वाजता उरकेल? आणि रात्री शेकोटी कशासाठी पेटवायची?

हे प्रश्न म्हणजे सहलीच्या आनंदावर विरजण, असे तरुण पिढीला वाटण्याचा संभव असतो. वस्तुतः या मुक्कामाचे सगळे नियोजन या तीन प्रश्नांतच सामावलेले आहे. त्यांची उत्तरे घरून निघण्यापूर्वी मिळाली, तर चौविहार पाळणारी आजी आणि दहा वर्षांचा नातू एकाच तंबूत सुखाने राहू शकतात. ती मिळाली नाहीत, तर पहिल्याच संध्याकाळी कोणाला तरी उपाशी झोपावे लागते, किंवा कोणाचा तरी नियम मोडतो.

एक ठिकाण डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे बोलणे सोपे होईल. विस्कॉन्सिन राज्यात बाराबू गावाजवळ डेव्हिल्स लेक नावाचे स्टेट पार्क आहे. शिकागोच्या उपनगरांतून मोटारीने तीन तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. स्टेट पार्क म्हणजे त्या त्या राज्य शासनाने राखलेले उद्यान. केंद्र शासनाची राष्ट्रीय उद्याने वेगळी. डेव्हिल्स लेकची स्थापना १९११ साली झाली. तळ्याचा विस्तार सुमारे ३६० एकर असून दोन्ही बाजूंना जवळपास ५०० फूट उंचीचे जांभळट-गुलाबी क्वार्टझाइट खडकाचे कडे आहेत. हा खडक दीडशे कोटी वर्षांहून जुना मानला जातो. हिमयुगात हिमनदीने आणून टाकलेल्या दगडमातीने दरीची दोन्ही तोंडे बुजली आणि मधे पाणी साठून हे तळे झाले.

नावावरून बिचकण्याचे कारण नाही. या भूमीचे मूळ रहिवासी हो-चंक लोक. त्यांच्या भाषेतील नावाचा आशय ‘पवित्र सरोवर’ असा आहे. बाहेरून आलेल्या वसाहतवाल्यांनी त्याचे ‘सैतानाचे तळे’ करून टाकले. त्या लोकांच्या पूर्वजांनी सुमारे हजार वर्षांपूर्वी रचलेले पक्ष्यांच्या व प्राण्यांच्या आकाराचे मातीचे उंचवटे उद्यानात आजही आहेत. मुलांना ते अवश्य दाखवावेत, पण त्यांवर चढू देऊ नये. ती कोणाची तरी श्रद्धास्थाने आहेत.

आता आरक्षण. व्यापारी घराला हंगामापूर्वी माल बांधून ठेवण्याची सवय असते. येथेही तोच न्याय. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कांत तंबूची जागा ११ महिने आधी आरक्षित करता येते. कॅलिफोर्निया आणि मिशिगनमध्ये ही मुदत साधारण सहा महिन्यांची आहे. डेव्हिल्स लेकच्या तिन्ही कॅम्पग्राउंडांवर मिळून चारशेहून अधिक जागा असल्या, तरी उन्हाळ्यातील शनिवार-रविवार फार लवकर भरतात. म्हणून लोक घाईने तारीख पकडतात. बहुधा ती सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची, लेबर डेची, जोडसुट्टी असते.

येथेच जैन कुटुंबाची चूक होते. अकरा महिने आधी आरक्षण करताना समोर इंग्रजी दिनदर्शिका असते, पंचांग नसते. लेबर डेच्या मागेपुढे पर्युषण किंवा दशलक्षण पर्व येण्याचा संभव मोठा असतो. मग ऐन वेळी आरक्षण रद्द करण्याचे शुल्क भरावे लागते. किंवा त्याहून वाईट म्हणजे, ‘आता पैसे भरलेच आहेत’ या सबबीवर पर्वाच्या दिवसांत तंबू ठोकला जातो. ऑक्टोबरच्या पूर्वार्धात पाने लाल-पिवळी होतात, तेव्हाही गर्दी असते. त्या दिवसांत आश्विनातील आयंबिल ओळी येऊ शकते. जुलैत, क्वचित त्याच्या अखेरीस, आषाढी चातुर्मास सुरू झाला की साधु-साध्वींचा विहार थांबतो आणि अनेक श्रावकही अनावश्यक प्रवास टाळतात. ही सगळी बेरीज-वजाबाकी केली, तर हाती जून महिना उरतो. शक्य तर तो आठवडा अष्टमी-चतुर्दशी सोडून निवडावा. ज्यांनी दिग्व्रत घेऊन दिशांची मर्यादा केली आहे, अशा वडीलधाऱ्यांना ठिकाणाचे अंतर आधी सांगावे. पुष्कळ घरांत ते विचारायचेच राहून जाते.

जून सोयीचा ठरण्याचे आणखी एक कारण सूर्य. महाराष्ट्रात जूनमध्ये सूर्यास्त सव्वासातच्या आसपास होतो. बाराबूला तो जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सुमारे ८ वाजून ४० मिनिटांनी होतो. सूर्यास्तापूर्वी दोन घटिका, म्हणजे ४८ मिनिटे, आहार थांबवणाऱ्यांनाही आठच्या थोडे आत उठले तरी चालते. तेच ऑगस्टच्या अखेरीस सातच्या आत आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात साडेपाचच्या सुमारास ताट बाजूला करावे लागते. सकाळी मात्र उलट सोय आहे. जूनमध्ये सूर्योदय सव्वापाचच्या पुढेमागे होत असल्याने नवकारशी सहा-सव्वासहालाच येते. चहासाठी कोणाला ताटकळावे लागत नाही.

परंतु घड्याळाचा हा मोठा दिवस शुक्रवारी फसवतो. कार्यालय सुटल्यावर पाच वाजता शिकागोहून निघालेली मोटार गर्दीतून वाट काढत साडेआठला पोचते. तंबू उभारायचा, सामान काढायचे, शेगडी लावायची, आणि सूर्य तर चालला. एवढी एक गोष्ट नीट न जमल्यामुळे संबंध मुक्काम बिघडलेली कुटुंबे थोडी नसतील. उपाय दोनच आहेत. अर्ध्या दिवसाची रजा घेऊन दुपारी बाराला निघावे. नाहीतर संध्याकाळचे जेवण डब्यात बरोबर घेऊन सहा-साडेसहाला वाटेतील विश्रांतिस्थानावर उरकून घ्यावे आणि पोचल्यावर केवळ तंबू उभारावा. तिसरा उपाय, ‘बघू वाटेत’, हा उपाय नव्हे. शिवाय डेव्हिल्स लेकला पश्चिमेचा कडा उंच असल्याने सूर्य डोंगराआड लवकर जातो आणि दरीत सावली पसरते. तळ्याकाठी उभे राहून सूर्य दिसत नाही म्हणून गोंधळ होतो. यासाठी त्या दिवसाची सूर्यास्ताची वेळ घरूनच कागदावर लिहून न्यावी. ज्यांचा नियम दृष्टीस पडणाऱ्या सूर्यावर आहे, त्यांनी तासभर आधीच आटोपावे हे उत्तम.

पाण्याचा प्रश्न मानला जातो तितका अवघड नाही. कॅम्पग्राउंडवर पिण्याच्या पाण्याचे नळ असतात. सुती, दुहेरी, जाड गाळणे बरोबर न्यावे. नळाचे पाणी गाळून पातेल्यात घ्यावे. पक्के पाणी पिणाऱ्यांसाठी सकाळीच उकळून थंड करून स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात ठेवावे. उकळलेल्या पाण्याची मर्यादा ऋतूप्रमाणे आणि संप्रदायाप्रमाणे वेगवेगळी असते, म्हणून जेवढे लागेल तेवढेच उकळावे. तळ्याचे पाणी स्वयंपाकाला घेण्याची गरज नाही. कोणी ते गाळून घेतलेच, तर गाळण्यावर राहिलेले जीव त्याच तळ्यात हळुवार परत सोडावेत, हा जिवाणीचा रिवाज जुन्या घरांत विहिरीवर पाळला जात असे. भांडी मात्र तळ्यात किंवा तळ्याच्या काठाला कधीच धुऊ नयेत. साबणाचे पाणी किनाऱ्यापासून किमान २०० फूट दूर ठेवावे, अशी तिकडील वनप्रवाशांची शिस्त आहे. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याची ठरावीक जागा असते, तेथेच ते ओतावे. उष्टे कमी, पाणी कमी, हे तर आपल्या स्वयंपाकघराचे जुनेच शास्त्र. ताट धुऊन पिणाऱ्या आजीला ते शिकवावे लागत नाही.

आहाराबाबत घरचे सामान नेणे हेच श्रेयस्कर. खाखरे, दशम्या, मुगाची कोरडी डाळ, भाजलेला चिवडा, भिजवून मोड न आणलेले कडधान्य, तांदूळ, तूप एवढ्यावर दोन दिवस निघतात. पीठ ताजे दळलेले नाही तर मुदतीतले असावे. खरा धोका दुकानातून घेतलेल्या पाकिटांत असतो, आणि तो मुलांच्या आवडीच्या वस्तूंतच दडलेला असतो. शेकोटीवर भाजायच्या मार्शमेलोत जिलेटिन असते. जिलेटिन जनावरांच्या कातड्यापासून व हाडांपासून करतात. ज्या गोड बिस्किटांत ते मार्शमेलो व चॉकलेट घालून खातात, त्या ग्रॅहम क्रॅकरमध्ये अनेकदा मध असतो. सहलीत खिशात टाकण्याच्या ओट्सच्या वड्यांतही बहुधा मध असतोच. डबाबंद घेवड्याच्या भाजीत डुकराची चरबी असू शकते. चीजमधील रेनेट वासराच्या जठरातून काढलेले की सूक्ष्मजीवांपासून केलेले, हे पाकिटावर पाहावे लागते. पाकिटावरील बारीक अक्षरे वाचण्याचे काम मुलांकडेच सोपवावे. दहा वर्षांचा मुलगा दुकानात उभा राहून ‘यात जिलेटिन आहे, नको’ असे स्वतः म्हणतो, तेव्हा त्याला कोणी काही नाकारले असे त्याला वाटत नाही.

आता शेकोटी. सर्वांत अवघड प्रश्न हाच. अमेरिकेतील तंबूच्या प्रत्येक जागेवर लोखंडी कडे असलेला अग्निकुंड असतो आणि रात्री त्याभोवती बसणे हाच मुक्कामाचा गाभा, अशी तेथील समजूत आहे. शेजारच्या दहा तंबूंपुढे जाळ दिसतो. आपल्याच तंबूपुढे अंधार का, असे मूल विचारते. ‘आपल्यात चालत नाही’ एवढ्या उत्तराने त्याचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये.

उत्तर देण्यासाठी त्या उद्यानाच्या नियमांचीच मदत होते. विस्कॉन्सिनच्या स्टेट पार्कात जळाऊ लाकूड दहा मैलांच्या आतील किंवा राज्याने प्रमाणित केलेलेच आणावे लागते. याचे कारण एक हिरवाकंच चकाकता भुंगा. आशियातून आलेला हा ॲश झाडांचा भुंगा अमेरिकेत प्रथम २००२ साली मिशिगनमध्ये आढळला आणि २००८ साली विस्कॉन्सिनमध्ये. त्याच्या अळ्या सालीखाली राहतात. मोटारीतून नेलेल्या लाकडाबरोबर त्या नव्या जंगलात पोचतात आणि झाडे मरतात. म्हणजे लाकडाचा ओंडका हा निर्जीव इंधनाचा तुकडा नाही, त्यात वस्ती असते, हे सरकारी फलकच सांगतो. चुलीत घालण्यापूर्वी प्रत्येक लाकूड आपटून, झाडून, निरखून घेणाऱ्या आपल्या पणजीला हे ठाऊक होते. तिचे जळण स्वयंपाकापुरते होते. करमणुकीसाठी तीन तास जाळलेले लाकूड, त्यातील अळ्या, आणि उजेडाकडे झेपावणारे पतंग यांची गणना श्रावकाचारात अनर्थदंडात होते. जी हिंसा संसारासाठीही आवश्यक नाही, ती अनर्थदंड.

म्हणून शेकोटी पेटवू नये, हेच योग्य वाटते. थंडीने कुडकुडण्याची वेळ आली तर गोष्ट वेगळी. जूनमध्ये ती येत नाही, घोंगडी पुरते. पण शेकोटी काढून घेतली की मुलाच्या हातात दुसरे काही द्यायला हवे, आणि याचा विचार फार थोडी घरे करतात. सहा वाजता, लख्ख उजेडात, गॅसच्या छोट्या शेगडीवर सर्वांनी मिळून मक्याची कणसे भाजावीत, तूप-मीठ लावावे. खाखऱ्यावर चॉकलेट वितळवून मुलांना स्वतःच्या हाताने करू द्यावे. काही जागांना वीजजोड असतो. ती जागा मिळाली तर विजेच्या शेगडीवर भात-वरणही होते. गॅसची शेगडी तंबूच्या आत मात्र कधीही पेटवू नये. तिच्या वायूने जीव जाऊ शकतो. अंधार पडला की दिवे मालवून घोंगडीवर उताणे पडावे. कड्यांमधल्या त्या आकाशात शहरात कधी न दिसणारे तारे दिसतात, आणि आजोबांजवळ श्रीपाल-मयणासुंदरीची गोष्ट असतेच. शेजारचे कुटुंब प्रेमाने आपल्या शेकोटीजवळ बोलावील, तेव्हा जाऊन बसावे, गप्पा माराव्यात. तेथे तत्त्वज्ञान सांगत बसू नये.

मासे धरणाऱ्यांबाबतही हीच रीत. डेव्हिल्स लेकच्या काठावर गळ टाकून बसलेली माणसे दिसतातच. मुलाला वाईट वाटते, ते वाटू द्यावे, पण भांडण करू नये. आपली चटई दुसरीकडे अंथरावी. या तळ्यात इंधनावर चालणाऱ्या यंत्रनौकांना बंदी आहे, फक्त वल्ह्यांच्या किंवा विजेवर चालणाऱ्या नौका चालतात. त्यामुळे पाणी शांत असते. पोहण्याचा प्रश्न घरोघरी वेगळा सुटेल. गाळलेल्या पाण्याने स्नान करणाऱ्या आजोबांना नातू तळ्यात डुंबतो हे पाहवत नाही, आणि जूनच्या उन्हात काठावर बसून राहणे नातवाला पाहवत नाही. निघण्यापूर्वीच किती वेळ, किती वेळा, हे ठरवून त्याची मर्यादा करावी. मर्यादा करून उतरणे आणि दिवसभर पाण्यात धिंगाणा घालणे यांत अंतर आहे. उद्यानाच्या किनाऱ्यावर जीवरक्षक नसतात, म्हणून कोणी मोठे माणूस सतत जवळ हवेच.

डास व गोचीड हा यतनेचा कस लागणारा भाग. विस्कॉन्सिनमधील काळ्या पायांच्या गोचिडीमुळे लाइम नावाचा आजार होतो, त्यामुळे दुर्लक्ष करून भागत नाही. मारण्याच्या औषधापेक्षा चावा टाळण्याची व्यवस्था श्रेष्ठ. फिक्या रंगाचे पूर्ण बाह्यांचे कपडे, मोज्यांत खोचलेली विजार, जेवणासाठी जाळीची राहुटी, अंगाला डास दूर ठेवणारे मलम. किडे जाळणारा विजेचा दिवा मुळीच नेऊ नये. पांढऱ्या दिव्यापेक्षा पिवळ्या किंवा तांबड्या मंद दिव्याकडे किडे कमी येतात. रोज संध्याकाळी मुलांची मान, काखा, कानामागची जागा तपासावी. गोचीड चिकटल्यापासून रोग संक्रमित व्हायला बहुधा चोवीस तासांहून अधिक वेळ लागतो, त्यामुळे रोजची तपासणी पुरेशी ठरते. सापडलीच तर बारीक चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ ओढावी आणि वाटेपासून दूर झाडीत सोडावी. अन्नाचा कणही बाहेर राहू देऊ नये. रॅकून रात्री येऊन पिशव्या फाडतात. सगळा शिधा मोटारीत बंद करून ठेवावा.

सकाळ ही या मुक्कामाची मिळकत. कॅम्पग्राउंडवर रात्री उशिरापासून पहाटेपर्यंत शांततेची सक्ती असते, त्यामुळे सूर्योदयाच्या वेळी तळ्याकाठी पाखरांखेरीज आवाज नसतो. पूर्व काठाने लोहमार्ग जातो, एखादी मालगाडी तेवढी धडधडत जाते. ४८ मिनिटांच्या सामायिकाला याहून चांगली जागा शहरात मिळत नाही. बार्टलेटच्या मंदिरात त्या रविवारी दर्शन होणार नाही, तेव्हा आजी बरोबर छोटी तसबीर ठेवते. नंतर पश्चिम काठाच्या टंबल्ड रॉक्स वाटेने फिरावे. ती बरीचशी सपाट आहे, म्हाताऱ्या माणसांना झेपते. बॅलन्स्ड रॉकची चढण तरुणांसाठी ठेवावी.

निघण्याच्या दिवशी घाई करू नये. जागा सोडण्याची वेळ दुपारची असते. तंबू ठोकण्यापूर्वी जशी मऊ कुंच्याने जागा झाडून घेतली होती, तसेच तो काढतानाही करावे. खालचे कापड एका कडेने सावकाश उचलावे. रात्रभर त्याच्या उबेला मुंग्या, गोगलगायी, बारीक किडे आलेले असतात. ते आपल्या वाटेने जाईपर्यंत दहा-पंधरा मिनिटे कापड तसेच उलटे पडू द्यावे. तोवर मुलांनी जागेवरचा कागद-कपटा वेचावा आणि आजोबांनी पुढल्या वर्षीचे पंचांग कोणत्या महिन्यात हाती येईल ते मुलाला सांगावे.